पाखरांचा रोजमेळ

दिवाळीत नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि लाभपंचमीपासून पेढी पुन्हा नेहमीच्या गतीने चालू लागते. याच दिवसांत गावाच्या आकाशातही एक मोठी आवक सुरू झालेली असते. शेपटी सतत वरखाली करणारा धोबी पक्षी गच्चीवर आधीच येऊन पोहोचलेला असतो. परसातल्या पडक्या भिंतीवर थिरथिरा दिसू लागतो. तलावांवर आणि धरणांच्या फुगवट्यांवर तलवार बदकांचे, थापट्यांचे थवे उतरतात. हिमालयापलीकडच्या प्रदेशांतून आलेले हे पाहुणे मार्चअखेरपर्यंत मुक्काम करतात आणि उन्हाळा तापू लागला की आल्या वाटेने परततात.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. शाळांमधून या सप्ताहात व्याख्याने होतात, चित्रे काढली जातात, आणि मग एखादा मुलगा संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून आजोबांना विचारतो, “समोरच्या तारेवर रोज बसतो तो काळा पक्षी कोणता? त्याची शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली आहे.” आजोबांना बाजारातल्या प्रत्येक जिनसाचा भाव तोंडपाठ असतो, दाणा हातात घेताच त्याची प्रत सांगता येते. तारेवरच्या पक्ष्याचे नाव मात्र चाळीस वर्षे त्याच गादीवर बसूनही ठाऊक नसते. यात त्यांचा दोष नाही. ते नाव कोणाला विचारावे, हेच त्यांना कधी कोणी सांगितलेले नसते.

सांगणारी मंडळी महाराष्ट्रात एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळ आहेत, आणि त्यांचा पहिला संसार थाटला गेला तो एका दुकानातच. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. त्यांतील सहा इंग्रज होते. उरलेले दोघे म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आरंभी सभा भायखळ्याच्या संग्रहालयात भरत. पुढल्याच वर्षी फिप्सन नावाच्या व्यापाऱ्याने फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या दुकानातील जागा संस्थेला दिली. फिप्सनच्या दुकानातील माल या अंकाच्या वाचकांना रुचणारा नव्हे, कारण तो मद्याचा व्यापारी होता. पण विद्येच्या कामासाठी पेढीतली जागा मोकळी करून देण्याची त्याची वृत्ती मात्र कोणत्याही व्यापाऱ्याने दखल घ्यावी अशी होती.

या संस्थेच्या दारात १९०८च्या सुमारास एक शाळकरी मुलगा बिचकत उभा राहिला. खेतवाडीत मामाच्या घरी वाढणाऱ्या या मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली होती आणि तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून तो गोंधळला होता. फिप्सनच्या पेढीचा कारभार पाहणारे मिलार्ड तेव्हा संस्थेचे मानद सचिव होते. त्यांनी मुलाला वाटेला लावले नाही. चिमणीची जात सांगितली, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक दाखवले, वाचायला पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. एका निरपराध जिवाच्या हत्येतून या आयुष्याला वळण मिळाले, ही गोष्ट मनाला बोचते. ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. आज पक्षी पाहणाऱ्याच्या हाती बंदूक नसते, दुर्बीण असते. ते वळण घेण्यासाठी या विद्येलाही काही पिढ्या लागल्या.

सालिम अलींचे घराणे व्यापारी बोहरा. तरुणपणी ते ब्रह्मदेशात तवॉय येथे कुटुंबाच्या खाणी व इमारती लाकडाच्या व्यवसायात गेले. तो व्यवसाय त्यांना साधला नाही. १९१७मध्ये मुंबईला परतल्यावर त्यांनी दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबलेखन शिकायला घेतले. ते शिक्षण फुकट गेले असे म्हणवत नाही. १९३०मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी सुगरणींची वसाहत पाहिली, ती एखाद्या कारकुनाच्या चिकाटीने: कोणत्या नराने कोणते घरटे कधी सुरू केले, कोणती मादी कोणत्या दिवशी पाहून गेली, कोणते घरटे नापसंत झाले. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखते, पसंत पडले तरच नर ते पुरे करतो आणि मग दुसऱ्या घरट्याकडे वळतो, हे त्या रोजच्या टिपणांतून उलगडले. १९४१मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तक निघाले. रंगीत चित्रांचे ते पुस्तक सामान्य माणसासाठी होते आणि त्याच्या आवृत्त्या निघतच राहिल्या. संस्थेचे मुंबईतील कार्यालय ‘हॉर्नबिल हाऊस’ आजही जिज्ञासूंसाठी खुले आहे. सभासद होता येते, तज्ज्ञांबरोबरच्या सहलींना जाता येते आणि पक्षिशास्त्राचा रीतसर अभ्यासक्रमही पुरा करता येतो.

मुंबई दूर असलेल्या गावांनी काय करावे? त्यांच्यासाठी ‘महाराष्ट्र पक्षिमित्र’ ही संघटना आहे. तिचे संमेलन दरवर्षी वेगवेगळ्या गावी भरते. त्यात डॉक्टर, शिक्षक, शेतकरी, वनरक्षक आणि दुकानदार एकाच मांडवात बसून आपापल्या तालुक्यातील पाखरांविषयी बोलतात. बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी पक्षिमित्रांचे छोटे गट आहेत. रविवारी पहाटे ते जवळच्या तलावावर वा माळावर जातात आणि नऊच्या सुमारास परततात. व्यापाऱ्यासाठी यासारखी सोयीची वेळ नाही. पक्षी सर्वाधिक दिसतात ते उजाडल्यापासूनच्या दोन-तीन तासांत, आणि दुकानाचे शटर त्यानंतर उघडायचे असते. जाताना कपडे मातकट वा हिरवट असावेत. पांढराशुभ्र सदरा गादीवर शोभतो, पाणथळीवर नाही. आठ पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण आरंभाला पुरते. हौस लागताच लाखभराचा कॅमेरा घेण्याची घाई होते, ती टाळलेली बरी. कॅमेरा हाती आला की छायाचित्राचा मोह सुटतो, माणूस घरट्याच्या फार जवळ जातो, आणि बिथरलेला पक्षी अंडी टाकून निघून जातो.

नावांच्या बाबतीत मात्र नवख्याची पहिली अडचण मराठीच्या श्रीमंतीतूनच उभी राहते. तारेवरच्या त्या काळ्या पक्ष्याला कोठे कोतवाल म्हणतात, तर कोठे कोळसा. भारद्वाज एका जिल्ह्यात कुंभारकावळा होतो. खंड्याला धीवरही म्हणतात. अशा वेळी चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ हाताशी असावा. वनखात्यात आयुष्य घालवलेल्या या सोलापूरच्या लेखकाने आदिवासींच्या बोलीतील नावांपासून संस्कृत नावांपर्यंतचा धांडोळा घेतला. हंसदेव या जैन ग्रंथकाराने तेराव्या शतकात संस्कृतात रचलेले ‘मृगपक्षिशास्त्र’ मराठीत आणण्यातही त्यांचा हात होता. आठशे वर्षांपूर्वीचा एक जैन पंडित पशुपक्ष्यांचे रंग, स्वभाव व सवयी इतक्या बारकाईने टिपत होता, हे अनेक घरांना माहीतही नसेल. मुलांच्या हाती द्यायला किरण पुरंदरे यांची ‘मुठेवरचा धोबी’सारखी पुस्तके उत्तम. घरातले एखादे पुस्तक सर्वांच्या हाताळणीने मळले, तर ते योग्य जागी आले असे समजावे.

मोबाइलवर मर्लिन नावाचे एक विनामूल्य ॲप मिळते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेने ते तयार केले आहे. पक्ष्याचा आकार, रंग, जागा सांगितली की ते संभाव्य नावे सुचवते. फोन उघडून धरला तर आवाज ऐकूनही ओळख पटवू पाहते. त्याचा उपयोग मोठा आहे, पण नव्या मुनिमाच्या बेरजेप्रमाणे त्याचे उत्तर एकदा पडताळून घ्यावे. ते कधीकधी मोठ्या आत्मविश्वासाने चुकते. त्याच प्रयोगशाळेचे ‘ई-बर्ड’ हे २००२पासूनचे नोंदणीचे साधन आहे. भारतात ‘बर्ड काउंट इंडिया’ हा समूह त्याचा प्रसार करतो. ई-बर्डची रीत व्यापाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही, कारण ती रोजमेळाचीच रीत आहे. तारीख, जागा, किती वाजता सुरुवात केली, किती मिनिटे पाहिले, आणि त्या वेळात जे जे ओळखू आले ते सगळे, संख्येसह.

‘सगळे’ या शब्दावर भर आहे. नवा निरीक्षक कावळा, साळुंकी, चिमणी गाळतो आणि एखादा दुर्मीळ गरुड दिसला तेवढाच लिहितो. मोठे सौदे तेवढे लिहावेत आणि दिवसभराची किरकोळ विक्री वगळावी, अशी वही कोणता व्यापारी ठेवील? यादी पूर्ण असली तरच तिच्यात नसलेल्या नावालाही अर्थ येतो. आज चिमणी लिहिलेली नाही, म्हणजे ती दिसलीच नाही, असे पुढे कोणी खात्रीने म्हणू शकतो. अशाच नोंदींवर ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल उभा आहे. त्याच्या २०२३च्या आवृत्तीसाठी सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी वापरल्या गेल्या आणि ९४२ जातींची स्थिती तपासली गेली. त्यांतील १७८ जातींकडे तातडीने लक्ष देण्याची गरज दिसली. कबुतर, कोकिळा आणि मोर यांचे बरे चालले आहे. शिकारी पक्षी, बदके आणि पाणकाठचे स्थलांतरित पक्षी यांची घसरण चालू आहे. चिमणी मोठ्या शहरांतून ओसरली असली तरी देशभरात ती बरीच टिकून आहे, असे २०२०च्या अहवालात आढळले होते. धान्याच्या दुकानात बसणाऱ्याला हे ऐकून बरे वाटेल. जीवदयेच्या नावाने दाणा आणि पैसा कोठे जावा, हे ठरवतानाही ही माहिती जवळ असलेली बरी.

आणि नोंद खोटी असेल तर? त्याचे उत्तर खानदेशात सापडते. रानपिंगळा हा साध्या पिंगळ्याचा जंगलातला भाऊबंद. संग्रहालयांत त्याचे अवघे सात खरे नमुने होते. १८८४नंतर तो कोणाला मिळाला नव्हता. अपवाद एकाच नोंदीचा: कर्नल माइनर्त्झहागेन या नामवंत ब्रिटिश संग्राहकाने १९१४मध्ये गुजरातेतील मांडवी येथे हा पक्षी मिळवल्याचे त्याच्या नमुन्यावरील चिठ्ठी सांगत होती. साहजिकच पुढे त्या दिशेनेही शोध झाले आणि ते व्यर्थ गेले. नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधिकेने तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा लबाडी उघड झाली. एकोणिसाव्या शतकात खानदेशात डेव्हिडसन या अधिकाऱ्याने मिळवलेला पक्षी कर्नलसाहेबांनी संग्रहालयातून उचलला होता, त्यात पेंढा नव्याने भरला होता आणि वर आपल्या नावाची खोटी चिठ्ठी बांधली होती. खोटी रक्कम वजा केल्यावर उरलेल्या खऱ्या नोंदी कोणत्या गावांकडे बोट दाखवतात, ते पाहून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी निघाले. नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ, भर दिवसा, निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी! पुढे तो मेळघाटात आणि २०१४मध्ये तानसा परिसरातही आढळला. शहाद्याच्या बाजारात तेव्हा ज्यांची दुकाने होती, त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर हा हरवलेला जीव इतकी वर्षे नांदत होता. मुक्तागिरीच्या यात्रेला जाणाऱ्यांनाही मेळघाट काही दूर नाही.

नोंदीने जीव वाचतात, याचे उदाहरण गिधाडांचे आहे, आणि ते पांजरापोळ चालवणाऱ्यांना थेट लागू पडते. नव्वदच्या दशकात भरतपूरच्या अभयारण्यात गिधाडे दिसेनाशी होत असल्याचे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांच्या ध्यानात आले. हा केवळ भास नाही, हे सिद्ध करता आले, कारण त्याच जागेची ऐंशीच्या दशकातली मोजणी दप्तरी होती. पुढे २००४च्या सुमारास कारण सापडले. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करते. २००६मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवरही आली. मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित ठरले आहे. गोशाळेचे वा पांजरापोळाचे विश्वस्त असलेल्यांनी औषधांच्या बिलावर सही करण्यापूर्वी नावे वाचावीत आणि पशुवैद्याला एक प्रश्न विचारावा, एवढ्याने पुष्कळ साधेल.

पिंजऱ्यातील पाखरे विकत घेऊन सोडण्याच्या प्रथेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. हेतू पवित्र असतो. पण बाजार हेतूवर चालत नाही, मागणीवर चालतो, हे व्यापाऱ्याला कोणी सांगावे? दहा मुनिया विकल्या गेल्या की पारधी वीस पकडायला जातो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये पोपट, मुनिया यांसारखे देशी पक्षी पकडणे, विकणे, पाळणे हा गुन्हा आहे. असा व्यवहार दिसला तर पैसे मोजण्याऐवजी वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. संक्रांतीच्या दिवसांत मांजाने कापलेला पक्षी सापडला तरी हाच क्रमांक उपयोगी. मदत येईपर्यंत पक्ष्याला अलगद कापडात घेऊन, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधाऱ्या शांत जागी ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७मध्ये देशभर बंदी घातली असताना तो दुकानात ठेवायचा की नाही, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या गल्ल्याचा आहे.

पाहायला लांब जावेच लागते असे नाही. लासलगावच्या कांदा बाजारात ज्यांची ये-जा असते, त्यांच्या निफाड तालुक्यातच, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी, नांदूर मध्यमेश्वर आहे. रामसर यादीत गेलेली ती महाराष्ट्रातील पहिली पाणथळ. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तेथील मनोऱ्यावरून हजारो बदके एका नजरेत मावतात. पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्यांनी भिगवणला उतरून कुंभारगावकडे वळावे. उजनीच्या फुगवट्यात मासेमारी करणारे तेथील तरुण होडीतून रोहित पक्षी दाखवायला नेतात. पाण्यातल्या कोणत्या बेटावर आज कोण उतरले आहे, हे त्यांना चांगले ठाऊक असते, आणि त्यांची मजुरी घासाघीस न करता द्यावी. मुंबई-ठाण्याच्या कुटुंबांना ऐरोलीहून ठाणे खाडीतील रोहितांकडे बोटीने जाता येते. विहारात साधू-साध्वींसोबत पहाटे चालणारे तरुण तर पक्षिनिरीक्षणाची सर्वोत्तम वेळ रस्त्यावरच घालवतात. दुर्बिणीशिवाय, नुसत्या कानांनीही त्यांना टिटवी, तांबट, चंडोल यांची ओळख होऊ शकते.

जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते. तिच्यात तलावावर तासन्‌तास उभे राहून मोजणारे हात नेहमीच कमी पडतात. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक परसबाग पक्षिगणना असते, आणि तिची अट अगदी सोपी आहे: कोठेही, निदान पंधरा मिनिटे पाहावे आणि दिसेल ते सर्व लिहावे. शटर वर जाण्यापूर्वीची पंधरा मिनिटे पायरीवर बसून घालवता येतील. नातू नावे सांगेल, आजोबा आपल्या वळणदार अक्षरात लिहितील. पायरी, सकाळी सव्वाआठ ते साडेआठ. कावळे सहा. साळुंक्या चार. चिमण्या अकरा, सर्व गोणपाटावर. घार एक, उंच. कोतवाल एक, तारेवर.